पाय धुऊन येणारे वेंकोबाकाका

बुधवार, १० जानेवारी २०१८. पहाटे दाट धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, दुपारी कोरडा वारा.

त्या दिवशी मी शांताक्काचा जेवणाचा डबा घेऊन म्हैसूरजवळच्या हिनकलच्या दवाखान्यात निघालो होतो. डब्यात मऊ भात, सारू म्हणजे आमच्याकडचं पातळ सार, आणि तिच्या हट्टापायी लिंबाच्या लोणच्याची एक फोड. हुणसूर रस्त्यावर बसमधून उतरलं की डाव्या हाताला एक दुमजली इमारत लागते. खाली पुरुषांचा वॉर्ड, वर बायकांचा. खाटा मोजक्याच. डॉक्टर हयग्रीव यांनी वडिलांची जमीन विकून तो दवाखाना बांधला. आसपासचे लोक मोठ्या दवाखान्यातल्या रांगांना भिऊन तिथंच यायचे.

शांताक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मला धड चालताही येत नव्हतं. अक्का लहान वयात विधवा होऊन घरी परतली आणि तिनंच मला वाढवलं. शिलाई मशीनच्या पायट्यापर्यंत माझा पाय पोचत नव्हता, तेव्हा पायट्याला लाकडाचा ठोकळा बांधून तिनं मला शिवण शिकवलं. मी लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच. संक्रांतीच्या आधी अंगण धुताना तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. शनिवारी घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी गेलो तेव्हा ती खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. डब्याचं झाकण काढून तिनं आत पाहिलं.

"सारू तू केलंस की नळानं?"

"खा गप. डाळ घातलीय."

"हौदु, हो बाबा, दिसतीय की. ती बघ एकटी पोहतीय." मग हसून म्हणाली, "शनिवारी घरी आले की आधी तीळ भाजते. एळ्ळु-बेल्लाचा तीळगूळ न वाटता संक्रांत गेली तर गल्लीतल्या बायका मला जिवंत सोडणार नाहीत."

मी भात कालवायला वाकलो आणि तिच्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं. दोन भुवयांच्या मध्ये बुक्क्याचा टिळा होता. ताजा, काळाभोर. त्याला वासही येत होता. कापराचा, चंदनाचा, आमच्या विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्याचा वास.

"हे कोणी लावलं?"

"वेंकोबाकाकांनी."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"अक्का, काका गेले की. कार्तिकात."

"मला सांगतोस? त्यांच्या तेराव्याच्या पुरणाच्या होळीगे मीच लाटल्या." ती घास चावत शांतपणे म्हणाली. "मघा डोळा लागला होता, म्हणून तोंड नाही पाहिलं. पण अंगठा ओळखते ना मी."

वेंकोबाकाका कोण, ते सांगायला हवं. आम्ही शिंपी. किती पिढ्यांपूर्वी म्हैसुरात आलो ते आता कोणालाच सांगता येत नाही, पण मंदिरातलं भजन अजून मराठीत चालतं. काका भजनी मंडळींतले सर्वांत वडील. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्यांची बायको त्या दवाखान्यात होती तेव्हा ते बुधवारच्या भजनानंतर बुक्क्याची पितळी डबी घेऊन तिच्याकडे जायचे. ती बरी होऊन घरी आली, पण काकांचं जाणं सुटलं नाही. वॉर्ड म्हणजे त्यांना देऊळच वाटायचं. दाराशी चपला काढायच्या, बादलीतल्या पाण्यानं पाय धुवायचे आणि अनवाणी आत यायचं. मग दाराजवळच्या खाटेपासून सुरुवात. अंगठ्यानं कपाळी बुक्का, मग दंडावरून हात, मग जखमेच्या पट्टीवर अलगद बोटं टेकायची आणि म्हणायचं, "आता बरं वाटेल हं." मग पुढची खाट. जात नाही, धर्म नाही. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून आलेल्या एका भिक्षूनंही त्यांच्यापुढं मान वाकवलेली मी पाहिली आहे.

जन्मभर कात्री चालवून आम्हा सगळ्यांच्याच अंगठ्याला घट्टा पडतो. काकांच्या घट्ट्यात तरुणपणी झालेल्या जखमेची एक तिरकी खाच होती. त्या खाचेतला बुक्का कपाळाला लागायचा नाही. म्हणून त्यांच्या टिळ्यात नेहमी एक तिरकी कोरी रेघ राहायची.

अक्काच्या कपाळावरच्या टिळ्यात ती रेघ होती.

तेवढ्यात वनजा सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली. तिचे मराठा पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. "आमच्या घरी आता मराठी फक्त शिव्या द्यायला उरलीय," असं ती म्हणायची आणि अक्काशी मुद्दाम मोडकंतोडकं मराठी बोलायची. त्या दिवशी ती थेट खाटेशी आली. टिळा पाहिला, ट्रे खाली ठेवला, स्पिरिटमध्ये कापूस बुडवून अक्काचं कपाळ पुसलं. मग मला डोळ्यांनी बाहेर बोलावलं.

व्हरांड्यात ऊन होतं. तरी तिनं दोन्ही हात काखेत धरले होते.

"अण्णा, तुमच्या मंडळींतलं कोणी आलं होतं का आज?"

"नाही. काका गेल्यापासून कोणी येत नाही."

"आधी दोघींच्या कपाळावर असंच होतं… मला वाटलं, कोणी नातेवाईक लावून गेला असेल."

"कोण दोघी?"

तिनं नावं सांगितली नाहीत. "दुसऱ्या दिवशी ताप आला," एवढंच म्हणाली. "मी पुसलं होतं, अण्णा. दोघींचंही पुसलं होतं."

गुरुवारी सकाळी अक्काला ताप भरला.

तो साधा ताप नव्हता. सकाळी थंडी, दुपारी अंग तव्यासारखं. शुक्रवारी जखमेच्या टाक्यांमधून पाणी येऊ लागलं. डॉक्टर हयग्रीवांनी पट्टी सोडली, पाहिलं आणि दुसरं औषध सुरू केलं. त्या दवाखान्यात प्रयोगशाळा नाही. नमुना शहरात जातो, जंतू काचेवर वाढतो, मग कळतं की त्याला कोणतं औषध लागू पडेल. तोवर डॉक्टर अंदाजानं देत राहतात. मी कापड कापणारा माणूस. माप न घेता कापड कापायचं म्हणजे काय, ते मला कळतं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर कागद होता. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एकच इंग्रजी अक्षर छापलेलं.

"आर म्हणजे औषधाला दाद देत नाही," ते म्हणाले. "इथं सगळीकडे आर आहे. या यादीबाहेरचं एकच औषध उरलंय, फार जुनं. किडनीला जड म्हणून आम्ही ते टाळत होतो."

"हा जंतू कुठून आला, डॉक्टर?"

ते चष्मा पुसत राहिले. "कुठून म्हणून सांगू? लोक मेडिकलमधून दोन गोळ्या घेतात, बरं वाटलं की सोडतात. आम्ही डॉक्टर साध्या सर्दीला मोठी इंजेक्शनं लिहितो. मीही लिहिली आहेत. जंतू शिकत जातो. मग तो हातांवर बसतो, नळावर बसतो, खाटेच्या दांड्यावर बसतो. इथं कोणाच्या तरी हातावरून खाटेखाटेला गेला."

"कोणाच्या?"

"तुमच्या वेंकोबांच्या पायाला जखम झाली, ताप आला आणि त्यातच ते गेले, तेव्हा त्यांचाही कागद असाच आला होता, नरहरीराव." त्यांनी चष्मा लावला. "पण त्याआधी कित्येक महिने ते पट्ट्यांना हात लावत हिंडत होते. मी दर बुधवारी पाहत होतो. पाय एवढे स्वच्छ धुऊन येणाऱ्या म्हाताऱ्याला हात धुवा म्हणून सांगायचं राहून गेलं. मी स्वतः त्यांच्यापुढं कपाळ करायचो."

मी टिळ्याचं सांगितलं. ते हसले नाहीत आणि खरं आहे असंही म्हणाले नाहीत. अक्काला मोठ्या दवाखान्यात हलवण्यासाठी त्यांनी माझ्यासमोर तीन ठिकाणी फोन लावले. खाट रिकामी नव्हती. आणि असती तरी तिथंही हेच औषध दिलं असतं, असं ते म्हणाले.

संक्रांत आली आणि गेली. अक्का तिळांचं काही बोलली नाही. मंगळवारी शेजारच्या खाटेवर लक्ष्मीदेवी नावाची मुलगी आली. सरगूरच्या शेतकऱ्याची लेक, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली. तिला या वॉर्डात ठेवू नका, असं मी वनजाला म्हणालो.

"कुठं ठेवू, अण्णा? गच्चीवर?" ती चिडून म्हणाली. मग खाली पाहत म्हणाली, "खाली जागाच नाही हो…"

उद्या बुधवार होता.

बुधवारी दुपारी मी अक्काजवळ बसून राहायचं ठरवलं. जाताना घरून नवा साबण नेला. वॉर्डच्या दाराशी पाण्यानं भरलेली बादली असायचीच. तिच्याशेजारी स्टुलावर मी तांब्या ठेवला आणि साबण ठेवला, पाहुण्यासाठी ठेवतात तसा. वनजानं ते पाहिलं. डॉक्टर राउंडला आले, स्टुलाशी थांबले, साबण उचलला, त्याचा कागद काढून टाकला आणि उघडा साबण परत तिथं ठेवून पुढं गेले.

दवाखान्यातली दुपार तुम्ही पाहिली आहे का? रात्र परवडली. रात्री कोणीतरी कण्हतं, कोणीतरी पाणी मागतं, सिस्टरच्या टेबलावर दिवा असतो. दुपारी मात्र सगळे एकदम झोपतात. खिडक्यांचे हिरवे पडदे ओढलेले, त्यामुळे आत तळ्याच्या पाण्यासारखा उजेड. फिनेलचा वास. वर पंख्याची कुरकुर. अक्का तापात होती, ओठ सुकलेले. लक्ष्मीदेवी कुशीवर, हात गालाखाली घेऊन झोपलेली.

दोन वाजून गेल्यावर वीज गेली. पंखा हळूहळू थांबला आणि मग दवाखान्याच्या बाहेरचेही आवाज ऐकू येईनासे झाले. हुणसूर रस्त्यावर बस थांबत नाहीत असं कधी होत नाही. तेव्हा एकही आवाज नव्हता.

दाराशी चप्पल काढल्याचा आवाज झाला. एक. मग, जरा वेळानं, दुसरी.

तांब्या बादलीत बुडाला. फरशीवर पाणी पडलं. पुन्हा तांब्या बुडाला, पुन्हा पाणी पडलं. पाठ न वाकणारा म्हातारा माणूस एक पाय उचलून दुसऱ्यावर घासतो, तसा आवाज. मी ऐकत होतो. साबणाचा आवाज नसतो, हे मला माहीत होतं. तरी मी तो ऐकायला कान दिला होता.

मग ओली पावलं आत आली.

दारात कोणी नव्हतं. पण फरशीवर एक काळसर ठसा उमटला, पुढं दुसरा, आणि मागचा वाळत गेला. दाराजवळच्या खाटा रिकाम्या होत्या. तरी पावलं प्रत्येक खाटेपाशी थांबत होती. दंडावरून हात फिरवायला लागेल, तेवढाच वेळ. बुक्क्याचा वास फिनेलवर चढत गेला.

मला उठायचं होतं. अक्काच्या आणि त्या पावलांच्या मध्ये उभं राहायचं, एवढंच माझं काम होतं. पण लहानपणी काका घरी आले की मी दाराआड जाऊन मान खाली घालायचो, तशीच माझी मान खाली गेली होती.

"काका…" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "काका… हात धुवा. पाया पडतो तुमच्या… तिथं साबण ठेवलाय…"

पावलं थांबली. अगदी समोर. फरशीवर दोन ठसे, बोटं माझ्याकडे केलेली.

"आता बरं वाटेल हं…"

तो आवाज कुठून आला ते मला सांगता येणार नाही. पण त्यात राग नव्हता, दुष्टपणा नव्हता. त्यात नेहमीची माया होती. मला भीती वाटली ती त्या मायेचीच. दुष्ट असता तर त्याला हाकलता आलं असतं.

अक्कानं डोळे उघडले. तिला पाणी प्यायला मान उचलता येत नव्हती. आता तिनं ती उचलली आणि कपाळ पुढं केलं.

मी तळहात तिच्या कपाळावर दाबून धरला.

माझ्या हाताच्या पाठीवर एक अंगठा टेकला. गार, कोरडा, मधे कडक घट्टा, घट्ट्यात तिरकी खाच. मारण्यासाठी नव्हे, लाडानं टेकावा तसा. मग तो उचलला गेला. ओले ठसे वळले आणि लक्ष्मीदेवीच्या खाटेकडे गेले.

"पोरी, ऊठ…" मी म्हणत होतो. "अग, ऊठ…"

ती जागी झाली नाही. झोपेतच तिची मान उशीवरून जराशी वर आली.

पंखा सुरू झाला. रस्त्यावर बस थांबली आणि कंडक्टर ओरडला. मी हात पाहिला. पाठीवर बुक्का होता, मधे तिरकी रेघ. मग अक्काच्या कपाळावरून तळहात उचलला. माझ्या तळव्याला काही लागलेलं नव्हतं. खाली तिच्या कपाळावर टिळा होता.

मी दाराशी गेलो. बादली अर्धी झाली होती, फरशी ओली होती. साबण कोरडा होता. त्यावरची अक्षरं कारखान्यातून आल्यासारखी ठसठशीत होती.

नळाखाली मी हात घासत राहिलो. वनजानं माझं मनगट धरलं.

"सुम्मे उगाच घासू नका, अण्णा. कातडं निघेल."

"त्या मुलीचं कपाळ पूस."

"पुसलं," ती म्हणाली. "पुसलं मी…"

त्या शेवटच्या औषधानं अक्काचा ताप एक दिवस उतरला. मला वाटलं, जिंकलो. मग लघवी कमी होत गेली आणि पायांवर सूज चढली. डॉक्टरांनी औषध कमी केलं, तर ताप चढला. वाढवलं, तर सूज चढली. ते दिवसातून अनेकदा येत, कागद पाहत आणि उभे राहत. ते नुसते उभे राहिलेले मला पाहवत नव्हते.

शुक्रवारी दुपारी अक्का शुद्धीवर होती. मी कापसानं तिचे ओठ ओले करत होतो.

"काकांना रागावलास म्हणे," ती म्हणाली.

"रागावलो नाही. हात धुवा म्हणालो."

"अय्यो… म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का?" तिच्या तोंडावर जरासं हसू आलं. मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

"नरहरी…"

"काय, अक्का?"

"मला समजत होतं रे. पहिल्या दिवशीच. वनजानं पुसलं तेव्हा तिचं तोंड पाहिलं मी." ती थांबत थांबत बोलत होती. "पण बुक्का लावायला आल्यावर मान मागं कशी घ्यायची… ते आपल्याला कोणी शिकवलंच नाही…"

मी तिचा हात धरला होता. धरावा की नाही, हेही मला आता कळत नव्हतं. धरून राहिलो.

शनिवारी ती बोलली नाही.

रविवारी, २१ जानेवारीला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शांताक्का गेली. दाखल्यावर कारण लिहिलं आहे: जखमेतला जंतुसंसर्ग, रक्तात पसरलेला. लक्ष्मीदेवीला गुरुवारीच ताप आला होता. तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. ती मंगळवारी, २३ तारखेला गेली. तिच्या नमुन्यात तोच जंतू निघाला. त्याच संध्याकाळी डॉक्टर हयग्रीवांनी वरच्या वॉर्डला कुलूप लावलं. जुन्या खाटा, गाद्या, पडदे जाळले. भिंती खरवडून नवा रंग दिला, फरशी औषधानं तीन वेळा धुतली, नळ बदलले. नव्या खाटा आल्या. सोमवारी, १२ फेब्रुवारीला, वॉर्ड उघडण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या माणसानं सगळीकडचे नमुने घेतले. शुक्रवारी वनजानं फोन करून निकाल सांगितला. भिंती, फरशी, नळ, दांडे, दाराच्या कड्या, कुठंही काही आढळलं नाही. एका नमुन्यात तो जंतू सापडला, सगळ्या औषधांपुढं आर असलेला. तो नमुना खिडकीजवळच्या, अक्काच्या जागी आलेल्या खाटेवरच्या नव्या उशीचा होता. तिचं प्लास्टिकचं वेष्टन त्या माणसानं नमुना घेण्यासाठी पहिल्यांदाच फोडलं होतं.